फोडणीने ताकातले जंतू मरतात का?

पत्र असे आहे :

“ताई, नमस्कार. माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. गेल्या महिन्यात लघवीच्या जंतुसंसर्गासाठी त्यांना अँटिबायोटिकचा कोर्स झाला. तेव्हापासून पोट बिघडलेलेच आहे. डॉक्टर म्हणाले, रोज दही-ताक देत जा. आमच्याकडे ताक म्हणजे हिंग-जिऱ्याची फोडणी, आले, कढीपत्ता, कोथिंबीर. पुण्यात शिकणाऱ्या माझ्या मुलीने एक व्हिडिओ पाहिला. त्यात लवंग, लसूण, दालचिनी, ओवा, हळद, हिंग ही सगळी ‘नैसर्गिक अँटिबायोटिक’ असल्याचे सांगितले आहे. ती म्हणते, मग फोडणीचे ताक म्हणजे एका हाताने द्यायचे आणि दुसऱ्या हाताने काढून घ्यायचे. आता तिने आजीची लसणाची चटणीही बंद करायला लावली आहे. सासूबाई म्हणतात, बिनफोडणीचे पांढरे पाणी मी पिणार नाही. घरात रोज वाद. त्यात नणंदेने पोट ‘आतून स्वच्छ’ करायला लवंगेच्या आणि ओरेगॅनोच्या तेलाच्या बाटल्या आणून दिल्यात. मी घरी पाव करते. दालचिनी घातलेला गोळा खरेच फुगत नाही, त्यामुळे मुलीचे म्हणणे मला पटूही लागले आहे. नक्की काय समजायचे? — एक वाचक, सांगली”

ताई, नमस्कार.

सासूबाईंना त्यांचे फोडणीचे ताक आजपासून पुन्हा सुरू करा. लसणाची चटणीही त्यांना सोसत असेल तेवढी देत जा. तेलाच्या दोन्ही बाटल्या मात्र उचलून ठेवा, त्यांचा एक थेंबही पोटात जायला नको. पावाच्या बाबतीत तुमचे निरीक्षण अगदी बरोबर आहे. तिथे दालचिनी खरोखर आडवी येते.

आता मुलीसाठी सविस्तर लिहिते, कारण तिने विचारलेला प्रश्न चांगला आहे. मसाला वाईट जंतूंना मारतो म्हणतात, मग चांगल्यांना का सोडेल? हे तिला सुचले याचे मला कौतुक वाटते. तिला नुसते ‘आमच्या आज्याही असेच ताक प्यायच्या’ एवढे ऐकवून गप्प बसवू नका.

व्हिडिओतली मूळ माहिती खरी आहे. लवंगेच्या तेलात साधारण ७० ते ९० टक्के युजेनॉल असते. दालचिनीत सिनॅमाल्डिहाइड असते. ओव्याला जो उग्र वास येतो तो थायमॉलचा, आणि बाजारात ओव्याचे फूल म्हणून जे स्फटिक मिळतात ते थायमॉलच. ही सगळी द्रव्ये तेलात विरघळणारी आहेत. जंतूच्या पेशीभोवतीचे पातळ आवरणही स्निग्ध असते, त्यामुळे ही द्रव्ये त्यात घुसतात, आवरण झिरपू लागते आणि जंतू मरतो. लसणाची तऱ्हा वेगळी. त्यातले ॲलिसिन जंतूंच्या विकरांमधल्या (म्हणजे एन्झाइममधल्या) गंधकाच्या जागा अडवून त्यांचे काम बंद पाडते. १९४४ मध्ये अमेरिकेत कॅव्हॅलिटो आणि बेली यांनी हे ॲलिसिन वेगळे करून दाखवले. आणि हेही खरे, की यांपैकी कोणतेच द्रव्य समोरचा जंतू चांगला की वाईट हे विचारत नाही.

गडबड होते ती पुढच्या पायरीवर. प्रयोगशाळेत ‘लवंगेने जंतू मारले’ असे म्हणतात तेव्हा बशीत लवंग नसते. लवंगेचे ऊर्ध्वपातन करून काढलेले तेल असते, आणि ते जंतूंच्या स्वच्छ, पातळ खाद्यात मिसळलेले असते. अशा ठिकाणी बहुतेक जंतूंची वाढ थांबवायला लिटरमागे साधारण एक मिलिलिटर तेल लागते. थोडे कमी, थोडे जास्त. आता स्वयंपाकघरात या. एका लवंगेचे वजन एक दशांश ग्रॅमच्या आसपास आणि त्यात तेल फार तर पाचवा हिस्सा. म्हणजे एक लिटर ताकात तेवढा जोर आणायचा तर साठ-सत्तर लवंगांतले सगळेच्या सगळे तेल त्यात उतरायला हवे. असे ताक कोणी तोंडातही धरू शकणार नाही.

हा हिशेबही स्वच्छ पाण्यासारख्या खाद्याचा. खऱ्या अन्नात स्निग्धांश असतो, प्रथिने असतात. मसाल्यातली ही द्रव्ये त्यांना चिकटून बसतात आणि जंतूंपर्यंत पोचतच नाहीत. नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठातल्या सारा बर्ट यांनी २००४ मध्ये या विषयावरचे तोवरचे संशोधन एकत्र मांडले. प्रयोगशाळेत जेवढे तेल पुरते त्याच्या दुप्पट अर्धसाय काढलेल्या दुधात लागते, सूपमध्ये पन्नासपट आणि मऊ चीजमध्ये पंचवीस ते शंभरपट, असे आकडे त्यात आहेत. दही-ताक याच घराण्यातले. दुधातल्या केसीन या प्रथिनाला आणि लोण्याच्या कणांना चिकटल्यावर चिमूटभर मसाल्यातले जे उरते, त्याने ताकाला चव येते. जंतूंच्या संख्येवर त्याचा परिणाम होत नाही.

हिंगाची काळजी तर अजिबात नको. आपण डबीतून घेतो तो बांधणीचा हिंग. त्यात मूळ डिंकासारखा खडा थोडा आणि बाकी मैदा किंवा तांदळाचे पीठ आणि बाभळीच्या जातीचा डिंक. त्यातली एक चिमूट म्हणजे अस्सल हिंगाचा कणच.

मग फोडणीच्या उष्णतेचे काय, असे मुलगी विचारेल. विचारायलाच हवे, कारण ताकातल्या जंतूंना धोका असलाच तर तो उष्णतेचा आहे. दोन लहान चमचे तेल कडकडीत तापवून लिटरभर गार ताकावर ओतले तर ताकाचे तापमान जेमतेम एका अंशाने वाढते. जिथे तेल पडते तिथले काही जंतू मरतात, ढवळले की संपले. कढीची गोष्ट वेगळी. कढी उकळली, निदान वाफ येईपर्यंत तापली की दह्यातले जिवंत जंतू गेले. त्यात मसाला असो वा नसो. डॉक्टरांनी ज्या हेतूने दही-ताक सांगितले तो हेतू कढीने साधत नाही, एवढे लक्षात ठेवा. कढी करावी, खावी, पण ती ताकाच्या वाट्याला धरू नका. नाचणीची आंबीलही तशीच. रात्रभर ताकात भिजून आंबते, पण सकाळी शिजते. ती पचायला हलकी आणि चवीला सुंदर, पण जिवंत जंतू हवे असतील तर निवल्यावर वरून वाटीभर ताजे ताक घालायचे.

आता मला जो भाग सर्वांत जास्त सांगावासा वाटतो त्याकडे येते. दही, लोणी, कांजी, इडलीचे पीठ हे सगळे आंबवणारे जंतू म्हणजे लॅक्टिक आम्ल तयार करणारे जंतू. मसाल्यातल्या तेलांना तोंड देण्यात त्यांच्या गटातल्या इतरांपेक्षा हे बरेच चिवट निघतात. याचा सगळ्यांत ठळक पुरावा कोरियाच्या किमचीत आहे. कोबीच्या त्या लोणच्यात वाटलेला कच्चा लसूण, आले आणि लाल मिरचीचे तिखट मूठमूठ पडते. आपल्या कोणत्याही ताकात पडेल त्याच्या कितीतरी पट. तरी किमची आंबते, आणि आंबते ती ल्यूकोनोस्टॉक, वायसेला, लॅक्टोबॅसिलस याच घराण्यातल्या जंतूंमुळे. ल्यूकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडिस हा तर आपल्या इडलीच्या पिठातलाही मुख्य कामकरी. मसाला नकोशा जंतूंना मागे ढकलतो आणि आम्ल करणाऱ्यांना जागा मोकळी होते. लसूण चांगल्या जंतूंना सरसकट मारत असता तर किमची हा पदार्थ जगात झालाच नसता.

याच्याही पुढची एक गोष्ट आहे. मांसाचे आंबवलेले सॉसेज करणाऱ्यांच्या लक्षात आले होते की मिरे, मोहरी, जायफळ असले मसाले घातले की आंबण्याचे काम उलट लवकर होते. हे कशामुळे, याचा छडा अमेरिकेच्या कृषी खात्याच्या फिलाडेल्फियाजवळच्या संशोधन केंद्रात झाइका आणि किसिंजर यांनी लावला. १९८४ मध्ये त्यांनी दाखवले की हे काम मसाल्यातल्या मँगनीजचे. लॅक्टोबॅसिलस प्लांटेरमसारख्या जंतूंकडे प्राणवायूच्या माऱ्यापासून वाचवणारे नेहमीचे विकर नसते. ते आपल्या पेशीत मँगनीज साठवतात आणि त्यावर निभावून नेतात. लवंग, वेलदोडा, आले, मिरे, दालचिनी, हळद हे सगळे मँगनीजने भरलेले मसाले. म्हणजे ज्या लवंगेच्या तेलाला मुलगी घाबरते आहे, त्याच लवंगेच्या पुडीत या जंतूंना हवा असलेला क्षारही आहे. लवंग फार झाली तर मार, थोडकी असली तर वाढ. वस्तू तीच, फरक प्रमाणाचा. मला हे संशोधन फार आवडते, कारण ‘अमुक मसाला जंतुनाशक’ या एका शब्दात मसाला बसत नाही हे ते प्रयोगाने दाखवते.

आणि आपल्या घरातला पुरावा घ्यायचा तर विरजण संपले की काय करतात ते मुलीला आठवून द्या. कोमट दुधात हिरव्या मिरच्या देठांसकट टाकून ठेवतात, आणि दही लागते. देठांवर हे जंतू मुळातच वस्तीला असतात. मिरचीच्या तिखटपणाने त्यांचे काही बिघडत नाही. पहिले दही जरा चिकट-तारेचे आणि बेचव लागते. तेच विरजण पुढे दोन-तीनदा वापरले की नीट बसते.

पोटात पोचल्यावर काय होते, हा मुलीचा खरा मुद्दा. माणसाच्या शरीरात, मुख्यत्वे मोठ्या आतड्यात, सुमारे ३८ लाख कोटी जंतू असतात, असा अंदाज सेंडर, फ्युक्स आणि मिलो या संशोधकांनी २०१६ मध्ये काढला. जेवणातले युजेनॉल, थायमॉल वगैरे जठरात आणि लहान आतड्यातच बरेचसे शोषले जाते. मोठ्या आतड्यातल्या या वस्तीपर्यंत त्याचा फारसा भाग जातच नाही. हळदीतले कर्क्युमिन उलट शोषले जात नाही, म्हणून ते खालपर्यंत जाते. पण तिथे गेल्यावर जंतू मरतात असे नाही, जंतूच त्याचे रूप बदलतात. आपल्या आतड्यातल्या इ. कोलाय जंतूमध्ये कर्क्युमिन बदलणारे विकर असते, हे जपानी संशोधकांनी २०११ मध्ये शोधून काढले.

माणसांना जेवणाच्या प्रमाणात मसाला देऊनही पाहिले गेले आहे. अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात हृदयविकाराचा धोका असलेल्या ५४ जणांना चार-चार आठवडे रोज मसाले घातलेले जेवण दिले. कधी अर्धा ग्रॅम, कधी तीन ग्रॅमच्या थोडे वर, कधी साडेसहा ग्रॅमच्या थोडे वर. २०२२ मध्ये आलेल्या निष्कर्षात मसाला वाढवल्यावर आतड्यातल्या रुमिनोकॉकेसी घराण्यातल्या जंतूंचे प्रमाण वाढलेले दिसले. त्याआधी २०१९ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या एका चाचणीत निरोगी माणसांना दोन आठवडे रोज पाच ग्रॅम मिश्र मसाला दिला होता. दालचिनी, ओरेगॅनो, आले, मिरे आणि लाल मिरची. तिथेही चांगले मानले जाणारे बायफिडो जंतू कमी न होता वाढले. दोन्ही चाचण्या लहान आहेत आणि थोड्या दिवसांच्या आहेत. मसाला खाल्ल्याने पोटाचे आजार बरे होतात, असा अर्थ त्यांतून काढू नका. पण जेवणातल्या मसाल्याने पोटातले चांगले जंतू नष्ट होतात, या भीतीला त्यांत कुठेही आधार नाही. सांगलीच्या साध्या जेवणातला दिवसाचा मसालाही याच मापाच्या आसपास येतो.

लसणाबद्दल थोडे वेगळे लिहायला हवे, कारण कच्चा ठेचलेला लसूण खरेच तेज असतो. पाकळी अखंड असते तोवर तिच्यात ॲलिसिन नसते. ठेचली की दोन वेगळ्या कप्प्यांतली द्रव्ये एकत्र येतात आणि ते तयार होते. अखंड पाकळी फोडणीत टाकली तर ते घडवणारे विकर उष्णतेने निकामी होते, म्हणून तळलेला लसूण गोडसर लागतो. प्रयोगशाळेत लसणाच्या पुडीने बायफिडो जंतूंनाही मार बसतो, लॅक्टोबॅसिलस मात्र त्यात तगून राहतात. पण पोटात गोष्ट पुढे सरकते. कच्चा लसूण खाल्ल्यावरही रक्तात ॲलिसिन सापडत नाही, इतके ते लवकर बदलून जाते. उरतात ती लसणातली फ्रुक्टन नावाची शर्करा. ती आपल्याला पचत नाही, ती थेट मोठ्या आतड्यात जाते आणि तिथले जंतू तिच्यावर जगतात. लसूण जास्त झाला की पोटात वारा धरतो ना, तो जंतूंनी फ्रुक्टन खाल्ल्यामुळेच. म्हणजे चटणीने सासूबाईंच्या पोटातले जंतू उपाशी राहत नाहीत, त्यांना जेवण मिळते. अँटिबायोटिकनंतर पोट नाजूक असताना मात्र हाच वारा त्रास देऊ शकतो. म्हणून पहिले काही दिवस चटणी बोटभर द्या, खोबरे-शेंगदाण्याबरोबर भाजून केलेली बरी. जळजळ होत असेल तर तिखट कमी करा. कारण विचारलेच तर जळजळ हेच सांगा.

आता तुमचा पाव. दही लावणारे जंतू आणि पाव फुगवणारे यीस्ट यांची जातच निराळी. यीस्ट ही बुरशीच्या कुळातली, आणि सिनॅमाल्डिहाइड बुरशीवर्गावर फार जोरात चालते. एक वाटी मैद्याला पाव चमच्याच्या वर दालचिनी मळली की गोळा मंदावतो, असे बेकरी शिकवणारे सांगतात आणि तुमच्या हाताला तेच जाणवले आहे. उपाय सोपा आहे. दालचिनी गोळ्यात मळू नका. गोळा फुगल्यावर लाटून त्यावर लोणी-साखरेबरोबर पसरा आणि गुंडाळी करा. दालचिनीचे रोल म्हणूनच तसे करतात. लवंग आणि जायफळ यांनाही हाच नियम लावा. लसूण पाव करत असाल तर लसूण आधी लोण्यात परतून घ्या. कच्चा ठेचलेला लसूण यीस्टला तर दाबतोच, पिठातले ग्लुटेनही सैल करतो आणि गोळा हाताला ओलसर, लोळा झालेला लागतो.

ढोकळा-इडलीच्या पिठाला मेथी भिजवताना घातली तर हरकत नाही, तिच्या चिकट अंशाने पीठ हलके राहायला मदतच होते. आले-मिरचीचे वाटण, ओवा, लसूण हे पीठ आंबल्यावर, वाफवायच्या आधी घाला. दही लावतानाही दुधात मसाला नको, लागलेल्या दह्यात काय हवे ते घाला. श्रीखंडात वेलदोडा-जायफळ चक्क्यात पडते ते याच क्रमाने. जंतूंचे काम आधी होऊ द्यायचे, मसाल्याचे नंतर. तुमच्या मुलीला आवड असेल तर तिला सुट्टीत तीन वाट्यांत कोमट दूध घेऊन एकाच विरजणाचा अर्धा-अर्धा चमचा घालायला सांगा. एक वाटी साधी, एकीत चिमूटभर जिरेपूड, एकीत चमचाभर ठेचलेला कच्चा लसूण. कोणते दही कधी लागते ते तासातासाने लिहून ठेवू दे. पाहून झाल्यावर लसणाची वाटी टाकून द्यायची, खायची नाही. व्हिडिओपेक्षा त्या तीन वाट्यांवर तिचा विश्वास बसेल.

मोहरीची गंमतही तिला दाखवा. फोडणीत तडतडलेली मोहरी झोंबत नाही. तीच मोहरी पाण्याबरोबर फेसली की नाकात झणका जातो. दाणा फुटून पाणी लागल्यावर त्यातले विकर काम करू लागते आणि झोंबरे आयसोथायोसायनेट तयार होते. फोडणीच्या उष्णतेने ते विकरच मरते. लोणच्यात मोहरीची डाळ असते ती बुरशीला दूर ठेवायला याच कारणाने उपयोगी पडते. उत्तरेकडची गाजराची कांजी तर वाटलेल्या मोहरीच्या पाण्यातच आंबते, आणि आंबवणारे जंतू पुन्हा तेच, लॅक्टिक आम्लाचे. आपल्या कैरीच्या लोणच्याबद्दल मात्र गैरसमज नको. त्यात मीठ, तेल आणि कैरीचा आंबटपणा इतका असतो की फारसे आंबवण होतच नाही. ते टिकवलेले आहे, जिवंत नाही. तोंडी लावायला घ्या, दह्याच्या जागी धरू नका.

‘गरम देशांत लोक मसाले खातात ते जंतू मारायलाच’ हेही त्या व्हिडिओत असणार. ही कल्पना लोकप्रिय झाली १९९८ मध्ये, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या बिलिंग आणि शर्मन यांच्या अभ्यासाने. ३६ देशांतल्या ४,५७८ पाककृती त्यांनी तपासल्या होत्या. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या लिंडेल ब्रॉमहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७० पाकपरंपरांतल्या ३३,७५० पाककृती घेऊन तेच पुन्हा तपासले आणि या कल्पनेला फारसा पुरावा सापडला नाही. मला वाटते, लोक मसाला खातात कारण तो त्यांच्या मातीत पिकतो किंवा बाजारात येतो आणि जिभेला आवडतो. सासूबाईंचेही तेच आहे, आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी आजारातून उठलेल्या माणसाला जे आवडते ते पोटात जाणे महत्त्वाचे.

उलट मसाला स्वतःच जंतुमुक्त नसतो, हे कोणी सांगत नाही. मिऱ्यावर, जिऱ्यावर मातीतले, वाळवणाच्या अंगणातले असंख्य जंतू असतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००७ ते २००९ दरम्यान तिथे येणाऱ्या मसाल्यांची तपासणी केली, तेव्हा सुमारे ७ टक्के मालात साल्मोनेला सापडला. जंतू मारण्याची एवढी ताकद अख्ख्या मसाल्यात असती तर तो तिथे टिकलाच नसता. तुमच्यासाठी यातला उपयोगी भाग असा : सासूबाईंच्या ताकात कच्ची मसालेपूड भुरभुरू नका. जिरे भाजून पूड करा, बाकीचे फोडणीत जाऊ द्या, कोथिंबीर-कढीपत्ता नीट धुवा. ज्या फोडणीला मुलगी शत्रू समजते आहे, ती या वयाच्या माणसासाठी सुरक्षेचीच आहे.

आता त्या बाटल्या. इथे मी अगदी स्पष्ट लिहिते. वर जो हिशेब केला, साठ-सत्तर लवंगांचा, तो बाटलीच्या बाबतीत उलटा फिरतो. लवंगेच्या तेलाचे चार-पाच थेंब म्हणजे दहा-बारा लवंगांचा अर्क एका घोटात. तोंडाच्या आणि जठराच्या अस्तराला ते भाजते. लहान मुलांच्या पोटात दोन-एक चमचे लवंग-तेल गेल्यावर यकृताला गंभीर इजा झाल्याच्या आणि शुद्ध हरपल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. घरात नातवंडे येत-जात असतील तर या बाटल्या त्यांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा. ओरेगॅनोच्या तेलातले कार्व्हॅक्रॉल हे थायमॉलचे सख्खे भावंड. अँटिबायोटिकने आधीच विरळ झालेल्या आतड्यातल्या वस्तीवर, पोट ‘साफ’ करायच्या नावाखाली, आणखी जंतुनाशक ओतायला कोणताही आधार नाही. मुलीची भीती इथे खरी ठरते. तिने फोडणी बंद करायच्या ऐवजी या बाटल्या बंद करायला हव्या होत्या.

हीच गोष्ट हळदीच्या गोळ्यांची. भाजीतली हळद निर्धास्त घाला. पण कर्क्युमिन दाटून, वर ते रक्तात शिरावे म्हणून मिऱ्यातले पिपरिन मिसळून केलेल्या कॅप्सूल घेतल्यानंतर यकृताला सूज आल्याची प्रकरणे इटली, अमेरिका, ऑस्ट्रेलिया इथे नोंदली गेली आहेत. करोनाच्या दिवसांपासून अनेक घरांत लवंग-दालचिनीचा काढा रोजचा झाला आहे. तुमच्याकडेही असेल तर तो रोज नको. आपल्याकडे दालचिनी म्हणून बहुतेक वेळा कॅशियाची जाड साल मिळते, तिच्यात कुमारिन असते आणि ते रोज मोठ्या प्रमाणात यकृताला चांगले नाही. पुलावात किंवा चहात कधीमधी पडते त्याची चिंता नको.

ताकाकडून अपेक्षाही बेताची ठेवा. दह्यातले जंतू सासूबाईंच्या आतड्यात कायमचे राहायला जात नाहीत. येतात, काम करतात, निघून जातात, म्हणून रोज घ्यायचे. दुधातली साखर पचवायला ते निश्चित मदत करतात. अँटिबायोटिकने गेलेली मूळची वस्ती पुन्हा उभी राहते ती हळूहळू आणि तिला लागतो चोथा : भाजी, डाळी, ज्वारीची भाकरी, केळे, जवस-कारळ्याची चटणी. ताक ताजे, फार आंबट नसलेले, दुपारच्या जेवणाबरोबर द्या. दही घरी लावलेले असेल तर उत्तम.

दोन गोष्टी मात्र डॉक्टरांच्याच आहेत. पातळ जुलाब दिवसातून तीन किंवा त्यापेक्षा जास्त वेळा होत असतील, ताप असेल, शौचात रक्त किंवा पोटात कळा असतील, तर ताक-चटणीचा विचार सोडून त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. या वयात अँटिबायोटिकनंतर क्लोस्ट्रिडियम डिफिसिल नावाच्या जंतूचा त्रास उद्भवू शकतो, त्यासाठी शौचाची तपासणी आणि वेगळे औषध लागते. दुसरे, लघवीच्या संसर्गासाठी पुन्हा कधी अँटिबायोटिक सुरू झाले तर गोळीचे नाव पाहून घ्या. सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या गोळ्या दूध-दही-ताकाबरोबर घेतल्या तर त्यातल्या कॅल्शियमला बांधल्या जातात आणि नीट शोषल्या जात नाहीत. अशा वेळी गोळी आणि ताक यांत किती तासांचे अंतर ठेवायचे ते चिठ्ठी लिहून घेतानाच विचारा, आणि रक्त पातळ करायची गोळी सासूबाईंना चालू असेल तर तेही तेव्हाच सांगा.